विचलित करणारा चित्रपट आणि आशयसूचना : महाविद्यालयीन वर्गाच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : आशयसूचना, चित्रपट प्रमाणन, उपरेपण, हिंसा, लैंगिकता, वर्गाध्यापन, धाराशिव जिल्हा

प्रस्तावना

मराठी, इंग्रजी, समाजशास्त्र आणि जनसंवाद या विषयांच्या अध्यापनात चित्रपटाचा वापर होऊ लागून आता बराच काळ लोटला आहे. पूर्वी चित्रपट पाहणे ही महाविद्यालयाबाहेरची गोष्ट होती. आज तो साहित्यकृतीच्या जोडीने अभ्यासला जातो. प्रोजेक्टर आणि पडदा ग्रामीण भागातील महाविद्यालयांतही पोहोचला आहे. तथापि, चित्रपट वर्गात आणताना अध्यापकाने कोणती पूर्वतयारी करावी, याचा विचार मात्र आपल्याकडे फारसा झालेला नाही. विशेषतः समाजाने बाहेर ठेवलेल्या माणसांचे जगणे दाखवणारे आणि त्या ओघात लैंगिकता व हिंसा यांचे थेट चित्रण करणारे चित्रपट दाखवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना काही सांगावे काय, सांगावयाचे झाल्यास काय आणि किती सांगावे, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे. अशा पूर्वकल्पनेला येथे 'आशयसूचना' असे म्हटले आहे.

या विषयाकडे वळण्याचे कारण वैयक्तिक आहे, ते प्रारंभीच नमूद करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने पदवीच्या द्वितीय वर्षाच्या वर्गाला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' दाखवला. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचा भाग शिकवून झाला होता व त्याला दृश्य जोड मिळावी, एवढाच हेतू होता. चर्चाही बरी झाली. पुढच्या आठवड्यात वर्गातील एक विद्यार्थी आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यातही नाही. चौकशीअंती कळले, की वसतिगृहातील मुले त्याला चित्रपटाच्या नावानेच हाका मारू लागली होती. 'फँड्री' या कैकाडी शब्दाचा अर्थ डुक्कर असा आहे. ज्या हाकेचा दंश दाखवण्यासाठी तो चित्रपट काढला गेला, तीच हाक चित्रपटाने वर्गातील मुलांच्या तोंडी दिली होती. या चित्रपटात लैंगिक दृश्य नाही, खून नाही. रूढ अर्थाने 'सूचना द्यावी' असे त्यात काही नव्हते, आणि म्हणून लेखकाने ती दिली नव्हती.

उपरा आणि त्याचा पडदा

बाहेरच्या माणसासाठी मराठीत 'उपरा' हा नेमका शब्द आहे. लक्ष्मण माने यांनी 1980 साली तो आपल्या आत्मकथनाला दिला आणि त्याला साहित्यात कायमचे स्थान मिळाले. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली आले. या दोन्ही ग्रंथांना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समूहांवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांचे जगणे या वाङ्मयाने मराठी वाचकासमोर आणले. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. शिक्का मात्र पुसला गेला नाही, हे कळंब वा भूम तालुक्यातील कोणत्याही पारधी वस्तीवर जाऊन आल्यास कळते.

ही आत्मकथने आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. त्यांत पोलिसी मारहाण आहे, भूक आहे, स्त्रियांवरील अत्याचार आहेत. ती शिकवण्यापूर्वी आपण कधी सूचना दिली नाही व त्यावाचून काही अडल्याचेही कोणी म्हणत नाही. मग चित्रपटालाच सूचना कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर माध्यमाच्या स्वरूपात शोधावे लागते. वाचक पुस्तक मिटू शकतो, पान उलटू शकतो, ओळीवरून नजर सरकवू शकतो. कल्पनेत किती रक्त सांडायचे हे त्याचे त्यानेच ठरवायचे असते. चित्रपटाची गती प्रेक्षकाच्या हाती नसते. अंधार केलेल्या खोलीत, बाकांच्या मधल्या जागेत बसलेल्या विद्यार्थिनीला उठून जायचे असेल, तर साठ जणांच्या नजरेसमोरून जावे लागते. ती उठत नाही. याखेरीज लैंगिक दृश्य मुलामुलींनी एकत्र बसून पाहणे हा आपल्याकडच्या बहुतेक विद्यार्थ्यांचा पहिलाच प्रसंग असतो. त्यातील संकोच हा दृश्याचा भाग नसून खोलीचा भाग असतो, आणि कोणतेही प्रमाणपत्र खोलीचा विचार करीत नाही.

भारतीय नाट्यपरंपरेला हा भेद अपरिचित नव्हता. वध, नगराचा वेढा, शयन, चुंबन इत्यादी गोष्टी रंगमंचावर प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्यांपैकी कथेला आवश्यक असेल ते प्रवेशकाद्वारे सांगावे, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. सांगणे आणि दाखवणे यांच्या परिणामात अंतर आहे, हे त्यात गृहीत आहे. आधुनिक रंगभूमीने हा दंडक मोडला आणि मोडणे आवश्यकही होते. 1972 साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वरून परिनिरीक्षण मंडळाशी जो संघर्ष झाला व जो दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत नेऊन जिंकला, तो मराठी अध्यापकांना सुपरिचित आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा सखाराम आणि त्या बायका, हे सारेच प्रतिष्ठित समाजाच्या उंबरठ्याबाहेरचे होते. त्या वादात दोनच पर्याय कल्पिलेले दिसतात : कापा किंवा दाखवा. प्रेक्षकाला आधी सांगून दाखवा, हा तिसरा मार्ग त्या काळी कोणाच्या फारसा मनात नव्हता.

प्रमाणपत्र काय सांगते

बहुतेक अध्यापकांची समजूत अशी असते, की चित्रपटाला मंडळाचे प्रमाणपत्र आहे म्हणजे आपली जबाबदारी संपली. ही समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे. 1952 च्या चलचित्र अधिनियमानुसार सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आरंभी 'यू' आणि 'ए' असे दोनच वर्ग होते. 1983 मध्ये 'यूए' आणि 'एस' यांची भर पडली आणि सेन्सॉर बोर्डाच्या नावातील 'सेन्सॉर' हा शब्द जाऊन 'प्रमाणन' आला. नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडी सेन्सॉर हाच शब्द राहिला आणि मंडळाचा व्यवहारही दीर्घकाळ कात्रीचाच राहिला.

या कात्रीला न्यायालयाने वेळोवेळी मर्यादा घातल्या. ख्वाजा अहमद अब्बास यांनी चार महानगरांवरील आपल्या अनुबोधपटासाठी दिलेल्या लढ्यात सर्वोच्च न्यायालयाने 1970 साली पूर्वपरीक्षण वैध ठरवले. त्याच वेळी लैंगिकता म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही स्पष्ट केले. या अनुबोधपटातील वादाचा भाग मुंबईच्या वेश्यावस्तीचा होता, हे येथे लक्षात घ्यावे. पुढे 'बँडिट क्वीन' या शेखर कपूर यांच्या 1994 च्या चित्रपटासंबंधी 1996 साली निकाल आला. मल्लाह समाजात जन्मलेली, बालवयात लग्न झालेली, अत्याचार सोसून चंबळच्या खोऱ्यात दरोडेखोर बनलेली फूलनदेवी ही उपरेपणाची टोकाची कहाणी होय. प्रमाणपत्र रद्द करण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. विवस्त्र करून विहिरीवर पाठवण्याचे दृश्य प्रेक्षकाच्या मनात वासना नव्हे, तर अत्याचार करणाऱ्यांविषयी घृणा उत्पन्न करते, असा त्या निकालाचा आशय होता.

हा तर्क कलाकृतीच्या बाजूने बिनतोड आहे. परंतु वर्गातील अध्यापकाच्या दृष्टीने तो अपुरा ठरतो. दृश्याचा हेतू घृणा निर्माण करण्याचा आहे, हे मान्य. पण ज्या विद्यार्थिनीने असा काही प्रसंग स्वतः सोसला आहे, तिच्या मनात काय उत्पन्न होईल, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो आपल्यापुढे आहे. फूलनदेवी हयात असतानाच चित्रपट निघाला होता आणि तिने स्वतः त्यातील चित्रणाला न्यायालयात आव्हान दिले होते, ही गोष्टही विसरण्याजोगी नाही. अत्याचार सोसलेल्या व्यक्तीला पडद्यावरील अत्याचाराबद्दल काय म्हणायचे आहे, हे तेव्हाही सर्वांत शेवटी विचारले गेले.

2016 साली श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मंडळाने कापण्याऐवजी वर्गीकरण करावे, अशी भूमिका घेतली. तिने सुचवलेल्या वर्गांपैकी एक होता 'सावधानतेसह प्रौढांसाठी'. प्रौढ झालेल्या प्रेक्षकालाही पूर्वसूचना मिळावयास हवी, हे तत्त्व त्यात होते. 2023 च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटवर्ग केले. सावधानतेचा वर्ग मात्र स्वीकारला गेला नाही. त्यामुळे आजही 'ए' हे अक्षर एवढेच सांगते, की प्रेक्षक अठरा वर्षे पूर्ण झालेला असावा. आत बलात्कार आहे, आत्महत्या आहे की केवळ शिवराळ भाषा आहे, हे ते सांगत नाही. उलट, मोबाईलवर पाहिल्या जाणाऱ्या ऑनलाइन मालिका-चित्रपटांना 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी वयोगटाबरोबरच आशयाचे वर्णन देणेही बंधनकारक केले. आपले विद्यार्थी हिंसा, लैंगिकता, भाषा असे शब्द पडद्याच्या कोपऱ्यात रोज पाहतात. या नियमांच्या परिशिष्टात जातीआधारित भेदभावाचाही उल्लेख आहे, हे विशेष. प्रत्यक्ष पडद्यावर 'यात जातीय अवमान आहे' अशी ओळ लेखकाच्या तरी पाहण्यात आलेली नाही.

गिरणगावातील दोन मुले

मराठीत हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने पुढे आला तो जानेवारी 2022 मध्ये, महेश मांजरेकर दिग्दर्शित 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' या चित्रपटाच्या निमित्ताने. दिवंगत कथाकार जयंत पवार यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, कामगार देशोधडीला लागले आणि त्यांच्या पुढच्या पिढीला शहरात जागा उरली नाही. त्या उद्ध्वस्त जगातील किशोरवयीन मुलांच्या वाट्याला आलेली हिंसा आणि विकृत लैंगिकता हा चित्रपटाचा विषय होय. गिरणगाव हा मुंबईचा मध्यभाग. पण ही मुले त्या मध्यभागीच उपरी झालेली आहेत.

चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते. वाद पेटला तो झलकेवरून. अल्पवयीन मुले आणि स्त्रिया यांच्यातील आक्षेपार्ह दृश्ये तीत असल्याची तक्रार झाली, राष्ट्रीय महिला आयोगाने माहिती व प्रसारण मंत्रालयास पत्र लिहिले आणि पुढे मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यासह अन्य कलमांखाली गुन्हाही नोंदवला गेला. वादाच्या गदारोळात जे म्हटले गेले, त्याचे दोन भाग करून पाहिले पाहिजेत. पहिला भाग असा, की अल्पवयीन कलावंतांकडून असे प्रसंग करवून घ्यावेत काय? हा निर्मितीच्या नीतीचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. कोणतीही आशयसूचना त्याचे उत्तर देऊ शकत नाही. सूचना प्रेक्षकाचे रक्षण करते, पडद्यावरील मुलाचे नव्हे. दुसरा भाग असा, की प्रौढांसाठीच्या चित्रपटाची दोन-तीन मिनिटांची झलक कोणाच्याही मोबाईलवर, कोणत्याही वयात, न मागता येऊन थडकते. चित्रपटगृहाच्या दाराशी तिकीट तपासनीस उभा असतो; झलकेला दार नसते. हा सूचनेचा खराखुरा प्रांत होता, आणि तेथे सूचना नव्हती.

या प्रकरणाची चर्चा त्या काळात ज्या पद्धतीने झाली, तीत एक गोष्ट प्रस्तुत लेखकास खटकली. चित्रपटाच्या बाजूने बोलणारे 'हे वास्तव आहे' असे म्हणत आणि विरोधक 'ही विकृती आहे' असे म्हणत. दोघांनाही जयंत पवारांची कथा वाचण्याची निकड भासल्याचे दिसले नाही. वर्गात मात्र आपल्याला तसे करून चालत नाही. कथा आधी वाचून घेणे हीच या प्रकारच्या चित्रपटाची सर्वांत नैसर्गिक आशयसूचना ठरू शकते, याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

'सैराट'ची अडचण

आशयसूचनेच्या विरोधातील सर्वांत बळकट युक्तिवाद धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरूनच मिळतो. परंडा तालुक्याला लागून असलेल्या करमाळ्याच्या परिसरात 'सैराट' घडतो. 29 एप्रिल 2016 रोजी तो प्रदर्शित झाला, तेव्हा आपल्याकडील तरुण गाण्यांसाठी तो पुन्हा पुन्हा पाहत होते. चित्रपटगृहात लोक नाचत होते. तेच लोक शेवटची काही मिनिटे झाल्यावर एक शब्द न बोलता बाहेर पडत होते. पाटलाची मुलगी आणि मच्छीमाराचा मुलगा पळून जातात, परक्या शहरात संसार उभा करतात. माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात. शेजारणीकडून परतलेले मूल घरात शिरते आणि रक्ताने माखलेल्या पावलांनी बाहेर येते. ध्वनी बंद होतो. हत्या दाखवलेली नाही.

आता या चित्रपटाच्या आरंभी 'यात आंतरजातीय विवाह केलेल्या जोडप्याची हत्या आहे' अशी पाटी लावली असती, तर काय उरले असते? दिग्दर्शकाने प्रेक्षकाला अडीच तास प्रेमकथेच्या सुरक्षित भ्रमात ठेवले ते मुद्दाम. अशा हत्या ज्यांच्या घरात होतात, त्यांनाही त्यांची पूर्वसूचना नसते. बेसावध असणे हाच येथे अर्थ आहे. म्हणून सर्वच चित्रपटांना सरसकट सूचना द्यावी, ही भूमिका लेखकास मान्य नाही.

परंतु विषय येथेच सोडून देता येत नाही. 28 एप्रिल 2014 रोजी आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढे कारण त्यास पुरले. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. बरेच साक्षीदार फितूर झाले होते. भूम-परंड्याच्या बाजूने येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या वर्गात हे प्रकरण ठाऊक नसलेला कोणी सापडणे कठीण. त्या वर्गात एखादी मुलगी अशी असू शकते, की जिचे असे प्रेम आहे आणि ते तिच्याखेरीज कोणालाच माहीत नाही. तिच्यासाठी 'सैराट'चा शेवट हा कलानुभव नसून धमकी आहे. तिला अगोदर सांगावे, तर इतरांचा अनुभव हिरावला जातो. न सांगावे, तर ती एकटी पडते. या पेचाला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. लेखकाने पुढे काढलेला मार्ग एवढाच, की कथानक न उघडता 'या चित्रपटाचा शेवट दुःखद आणि हिंसक आहे. ज्यांना तो आधी जाणून घ्यायचा आहे, त्यांनी आज दुपारपर्यंत मला विचारावे' असे फळ्यावर लिहायचे. विचारायला येणारे थोडेच असतात. जे येतात, ते कारण सांगत नाहीत आणि आपणही विचारू नये.

संशोधनाची साक्ष

2010 नंतरच्या दशकात अमेरिकन विद्यापीठांतून आशयसूचनांची मागणी वाढली आणि तिला विरोधही झाला. शिकागो विद्यापीठाने 2016 साली नव्या विद्यार्थ्यांना पाठवलेल्या पत्रात अशा सूचनांना आपला पाठिंबा नसल्याचे कळवले होते. पुढे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. ब्रिजलँड, जोन्स आणि बेलेट यांनी उपलब्ध बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा 2023 साली 'क्लिनिकल सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याचे निष्कर्ष सूचनावाद्यांना निराश करणारे आहेत. सूचनेमुळे नंतरचा त्रास कमी होत नाही. आशयाच्या आकलनावर परिणाम होत नाही. लोक तो आशय टाळतही नाहीत. पाहण्यापूर्वीची धास्ती मात्र वाढते.

या निष्कर्षांना दुर्लक्षून चालणार नाही. पण ते आपल्या वर्गाला जसेच्या तसे लावणेही योग्य होणार नाही. ते अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य सहभागींवर झाले. आणि त्यांनी मोजला तो सूचना वाचणाऱ्याच्या मनातील ताण. सूचना देणारा आणि घेणारा यांच्या नात्यात काय बदलते, हे त्या आढाव्याचे मोजमाप नव्हते. लेखकाच्या मते आशयसूचना हे औषध नाही. पाहुण्याला पंगतीत बसवण्यापूर्वी भाजी तिखट आहे असे आपण सांगतो, ते त्याचा ठसका कमी व्हावा म्हणून नव्हे. त्याला विचारले गेले, एवढेच त्यात असते.

उलटा परिणामही संभवतो. 'फक्त प्रौढांसाठी' या पाटीने आपल्याकडे किती तंबू टॉकीजना प्रेक्षक मिळवून दिले, हे साठीच्या पुढच्या कोणालाही विचारावे. निषेधाची पाटी आमंत्रणाचे काम करते. आणि सूचना अति झाल्या, की त्या दिसेनाशा होतात. 2012 च्या ऑक्टोबरपासून धूम्रपानाच्या प्रत्येक दृश्याखाली इशारा येतो. 2013 साली वुडी ॲलन यांनी याच कारणावरून आपला 'ब्लू जास्मिन' भारतात प्रदर्शित होऊ दिला नाही. आपल्या प्रेक्षकांनी मात्र तो इशारा केव्हाच वाचणे सोडले आहे.

कोणाला काय विचलित करते

परदेशी किंवा शासकीय याद्यांतील वर्ग उचलून आपल्या फळ्यावर लिहिल्यास काय होते, ते 'फँड्री'च्या अनुभवाने दाखवले. हिंसा, लैंगिकता, नग्नता, भाषा हे वर्ग निरुपयोगी नाहीत. पण या जिल्ह्यातील वर्गाचे दुखरे भाग निराळेही आहेत. सतत अवर्षण सोसणाऱ्या या प्रदेशात शेतकरी आत्महत्या ही वृत्तपत्रातील आकडेवारी नसून बाकावर बसलेल्या मुलाचे घर असू शकते. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा विदर्भातील शेतकरी कुटुंबावरील 2009 चा चित्रपट कोणत्याही परिमाणाने अश्लील वा रक्तरंजित नाही. उत्कृष्ट आहे. तरीही वडील गमावलेल्या विद्यार्थ्यासमोर तो न सांगता लावणे क्रूरपणाचे होईल. लोहारा-उमरगा भागातील ज्या कुटुंबांनी 30 सप्टेंबर 1993 ची पहाट पाहिली, त्यांच्या घरांत घर कोसळण्याचे दृश्य आजही निमूटपणे पाहिले जात नाही. ते पाहणारी पिढी आता विद्यार्थ्यांची नसून सहकाऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांची आहे, इतकेच. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील मुली, ज्यांची धाकटी बहीण कोयत्यावर नेण्यापूर्वीच उजवली गेली, त्यांना बालविवाहाचे दृश्य कसे दिसत असेल?

'जोगवा'चे उदाहरणही विचार करावयास लावते. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणीच्या या कथेतील लैंगिक घुसमट शहरी प्रेक्षकाला विलक्षण वाटली. तुळजापूरच्या परिसरात देवीला वाहिलेली माणसे, आराधी, परडी घेऊन फिरणाऱ्या स्त्रिया या विद्यार्थ्यांच्या नात्यागोत्यातील असतात. परंपरा भिन्न असली, तरी वर्गातील हशा भेद करीत नाही. पुरुषाने लुगडे नेसल्याच्या दृश्यावर हशा उठतो, त्या वेळी हसू न येणारा एखादा विद्यार्थी तेथे असतोच.

म्हणून सूचना विद्यार्थ्यांपैकी उपऱ्याचे रक्षण करण्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, इतरांना सावध करण्यासाठी हवी. 'फँड्री' पुन्हा दाखवण्यापूर्वी लेखकाने मागच्या वर्षी काय घडले, ते नाव न घेता वर्गाला सांगितले आणि चित्रपटातील कोणताही शब्द वर्गाबाहेर कोणाला उद्देशून वापरला जाणार नाही, असे वर्गाकडूनच वदवून घेतले. ती सूचना चित्रपटाविषयी नव्हती, प्रेक्षकांविषयी होती. त्या वर्षी तक्रार आली नाही. ती पाळली गेली की कोणी सांगितलेच नाही, हे ठरवणे अवघड आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी

वयाचा मुद्दा वाटतो त्याहून गंभीर आहे. आपल्या बहुतेक संस्थांत कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय एकाच आवारात आहे आणि पदवीच्या प्रथम वर्षातील काही विद्यार्थ्यांनाही अठरा वर्षे पूर्ण व्हावयाची असतात. अल्पवयीनास 'ए' प्रमाणपत्राचा चित्रपट दाखवणे हा कायद्याने दंडनीय अपराध आहे. चित्रपट मंडळाच्या कार्यक्रमाला बारावीची मुले मागच्या दाराने येऊन बसतात, हे सर्वांना माहीत आहे. प्रवेशाच्या वेळची जन्मतारीख पाहून यादी करणे कंटाळवाणे असले, तरी ते टाळू नये. विद्यार्थी व अध्यापकांपुरते मर्यादित, शैक्षणिक कार्याचा भाग म्हणून केलेले प्रदर्शन स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम 52 अन्वये हक्कभंग ठरत नाही. पण ती सवलत स्वामित्वहक्कापुरती आहे, वयाच्या अटीतून ती सूट देत नाही. विभागप्रमुख आणि अंतर्गत तक्रार समिती यांना चित्रपटाचे नाव व शैक्षणिक प्रयोजन लेखी कळवून ठेवल्यास नंतरचे गैरसमज टळतात. गैरसमजाच्या भीतीने असे चित्रपटच न दाखवणे, हा आज रूढ झालेला उपाय आहे. त्याने प्रश्न सुटत नाही. विद्यार्थी तोच चित्रपट तुकड्या-तुकड्यांनी मोबाईलवर पाहतात आणि त्यावर बोलायला कोणी नसते.

सूचनेची भाषा साधी असावी. 'काही दृश्ये विचलित करू शकतात' हे वाक्य वृत्तवाहिन्यांनी झिजवून टाकले आहे; त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी 'मध्यंतरानंतर एका स्त्रीवर सामूहिक अत्याचार होतो; दृश्य सुमारे तीन मिनिटांचे आहे; त्यापूर्वी मी चित्रपट थांबवीन' असे सांगता येते. यासाठी अध्यापकाने चित्रपट आधी पूर्ण पाहिलेला असावा लागतो. ही अट क्षुल्लक वाटेल, पण ती नेहमी पाळली जाते असे म्हणता येणार नाही. ज्यांना पाहावयाचा नाही, त्यांना मूळ कथा किंवा पटकथेचा भाग वाचून तेच गृहकार्य करता यावे आणि त्यासाठी अर्ज, कारण, पालकांची सही यांपैकी काहीही मागू नये. जयंत पवारांची कथा वाचलेला विद्यार्थी चित्रपट न पाहताही चर्चेत मागे पडणार नाही; कदाचित पुढेच राहील.

चित्रपट संपल्यावर लगेच प्रश्नोत्तरे सुरू करण्याची आपली सवयही तपासून पाहावी. पाच-दहा मिनिटे कोणी काही बोलले नाही, तर बिघडत नाही. चर्चा दुसऱ्या दिवशी ठेवली, तर रात्रीतून बऱ्याच गोष्टी मनात बसतात आणि गरज असलेल्याला एकट्याने भेटण्यास वेळ मिळतो. अध्यापक हा समुपदेशक नव्हे. त्याने तसे होण्याचा प्रयत्नही करू नये. शासनाच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून विनामूल्य उपलब्ध आहे, तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.

आणि दार. प्रकाश आत येऊ नये म्हणून आपण वर्गाच्या दाराला आतून कडी लावतो व मागे खुर्च्यांची रांग लावून टाकतो. कडी लावू नये. मागच्या दाराजवळची जागा मोकळी ठेवावी, तेथवर जाणारी वाट पडद्यासमोरून जाणारी नसावी, आणि दिवे मालवण्यापूर्वी एकदा सांगावे, की पाणी प्यायला कोणीही केव्हाही जाऊ शकतो.